त्याला उठवलं नाही

आमच्या चर्चची घंटा म्हणजे गॅसची रिकामी टाकी,
बुडाशी कापलेली, आंब्याच्या फांदीला टांगलेली.
तिच्यावर पहार मारायची, हे माझं काम.
एकोणीस वर्षं. उरलेल्या वेळात मासे.

त्या शनिवारी समुद्राखालचा डोंगर फुटला.
आवाज कानांना नाही, छातीला ऐकू आला.
मग लाट.
मग दुपारीच रात्र,
आणि चाळणीतून पडावी तशी बारीक राख
नीरफणसाच्या पानांवर, डुकरांच्या पाठींवर,
आईच्या थडग्यावरच्या कागदी फुलांवर.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात,
आमचं हौदातलंच पळालं.
छपरावरून उतरणारा पाऊस
कालवलेल्या सिमेंटसारखा.
शेजारची कालोलाइन जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून
एक पेला पाणी गाळत बसायची, अर्धा दिवस,
आणि तो पेला शेवटी
दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराला द्यायची.

तळाची तार तुटली होती.
माझी फिफिता ऑकलंडला, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला.
तिला एवढंच कळलं असेल
की नकाशावरचा आमचा ठिपका धुराखाली गेला.
लोक फोन घेऊन टेकडीवर जायचे
आणि हातात दगड असल्यासारखे परत यायचे.

पास्टर म्हणाले, मनात शांती ठेवा.
म्हणताना त्यांची हनुवटी थरथरत होती.
मला त्यांचा राग नाही आला.
राग आला तो दुसऱ्याच कुणाचा.

तिसऱ्या रात्री मी वाळूत उलट्या पडलेल्या
माझ्याच नावेच्या आडोशाला बसलो
आणि त्याला विचारलं,
त्या तळ्यावरच्या वादळात तू झोपलास कसा?
उशी घेऊन! बाकीचे पाणी उपसत असताना!
मी कोळी आहे, मला नको सांगूस.
नाव भरत असताना ज्याला झोप लागते
तो एकतर बेशुद्ध, नाहीतर...

आणि 'नाहीतर'पाशी माझी जीभ अडकली.

नाहीतर त्याचा वल्ह्यावरच्या माणसावर भरवसा असतो.

मीही तसा झोपलोय की.
लहानपणी, बापाच्या नावेत, जाळ्यांच्या ढिगावर,
अंगावर लाटेचे शिंतोडे येत असताना.
बाप आहे ना, एवढं पुरायचं.
पण त्या तळ्यावर बापाच्या जागी कोण होतं?
घामट, घाबरलेले, माझ्यासारखेच चार कोळी.
त्यांच्या हाती वल्ही देऊन
हा निवांत डोळे मिटून पडला.
इतकी वर्षं मी ती गोष्ट ऐकली
आणि दर वेळी त्याला गदागदा हलवून उठवणाऱ्यांत उभा राहिलो.

त्या रात्री नाही उठवलं.
त्याच्या शेजारी जाळं अंथरलं, इतकंच.
राख पडत होती. डोंगर अधूनमधून गुरगुरत होता.
काहीही थांबलं नव्हतं.
माझा श्वास मात्र
बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसासारखा
उंबऱ्यात चपला काढून आत आला.

पहाटे पहार उचलली.
टाकीवर बोटभर राख, पहिल्या ठोक्याला सगळी माझ्याच डोक्यावर.
आवाज बद्द आला, सर्दी झालेल्या माणसाचा.
तरी कालोलाइन आली, कमरेची चटई झटकत.
पास्टर आले, एका पायात बूट.
नऊ माणसं आणि एक कुत्रं.
स्तोत्राच्या पहिल्याच ओळीला सगळ्यांना खोकला लागला,
आणि खोकता खोकता कुणीतरी हसलं,
मग मीही.

फिफिताचा आवाज महिन्याने ऐकला.
"बाबा, तुम्ही झोपता ना नीट?" तिने पहिलं हेच विचारलं.
मी म्हटलं, झोपतो.
पाणी उपसून झालं की.